ऑगस्टिनचे परिवर्तन मिलानच्या बागेत झाले, की त्याआधीच?

पांथस्थ (धागाकर्ता)

संत ऑगस्टिनचे नाव निघाले की बहुतेकांना मिलानमधली बाग आठवते. इसवी सन ३८६ चा ऑगस्ट महिना, अंजिराच्या झाडाखाली ओक्साबोक्शी रडणारा एकतीस वर्षांचा वक्तृत्वाचा प्राध्यापक, शेजारच्या घरातून येणारा ‘उचल आणि वाच’ असा लहान मुलाचा आवाज, आणि मग बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळी वाचताच मनातला सगळा अंधार नाहीसा होणे. चित्रकारांनी हा प्रसंग इतक्या वेळा रंगवला आहे की ऑगस्टिनचे उरलेले सारे आयुष्य त्याच्या सावलीत गेले आहे, असे मला वाटते.

मुळात याला धर्मांतर म्हणावे का, याचीच मला शंका आहे. ऑगस्टिनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी तागास्ते येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील सूक अहरास येथे झाला. वडील पॅट्रिशियस बराच काळ जुन्या रोमन दैवतांना मानणारे होते, परंतु आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती होती. तान्हेपणीच त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आणि जिभेवर मीठ ठेवून त्याला दीक्षार्थी करण्यात आले होते. बाप्तिस्मा मात्र पुढे ढकलला गेला, कारण बाप्तिस्म्यानंतरच्या पापांचा भार अधिक असतो अशी त्या काळी समजूत होती. ज्युपिटरची पूजा सोडून येशूकडे वळलेला असा हा माणूस नव्हेच.

तो वळला, पण फार सावकाश. एकोणिसाव्या वर्षी रोमन वक्ता सिसेरो याचा ‘हॉर्टेन्सियस’ हा आज लुप्त झालेला ग्रंथ वाचून त्याला ज्ञानाची ओढ लागली. त्यानंतर त्याने बायबल उघडले, तेव्हा सिसेरोपुढे त्याची भाषा त्याला ओबडधोबड वाटली. मग सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथात राहिला, त्यानंतर काही काळ संशयवादी झाला, आणि मिलानमध्ये प्लेटोच्या परंपरेतील ग्रंथ वाचल्यावर दुरित म्हणजे स्वतंत्र सत्ता नसून चांगल्याचा अभाव आहे, असे त्याला पटले. ‘कन्फेशन्स’ या त्याच्या आत्मकथनाचा सातवा भाग संपेपर्यंत त्याच्या बुद्धीचे प्रश्न जवळजवळ सुटलेले आहेत. राहिल्या होत्या त्या कीर्तीची हाव आणि स्त्रीसहवासाची सवय. तारुण्यात त्याने केलेली ‘मला संयम दे, पण इतक्यात नको’ ही प्रार्थना तो स्वतःच आठव्या भागात नोंदवतो.

माझे मत असे की निर्णय आधीच झाला होता आणि बागेत केवळ वर्तनाचा प्रश्न निकाली निघाला. शिवाय हा प्रसंग त्याने लिहिला तो सुमारे अकरा वर्षांनी, बिशप झाल्यावर. उलट ३८६ च्याच हिवाळ्याच्या तोंडावर त्याने जे संवाद लिहिले, त्यांत ना बाग आहे, ना मुलाचा आवाज. मग बागेचा प्रसंग ही आठवण मानावी, की बिशपने केलेली रचना? जाणकारांनी आपले मत मांडावे.

सोपारेकरीण

आम्हा वसईकरांच्या घरांत हा प्रश्न असा विचारलाच जात नाही, कारण आमच्याकडे गोष्ट सुरू होते ती आईपासून. २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आणि दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, संत ऑगस्टिन यांचा. ज्या घरात मुलगा वाया गेला असेल, त्या घरातली आई संत मोनिकाकडे मध्यस्थी मागते, आणि हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

पांथस्थ, आपण बुद्धीचा प्रवास नेमका सांगितला, पण एक माणूस त्यातून वगळला. मुलगा मानीच्या पंथात गेल्यावर मोनिका एका बिशपकडे गेली आणि ‘त्याला समजावून सांगा’ म्हणून तिने त्यांच्यामागे लकडा लावला. हे बिशप स्वतः लहानपणी मानीपंथीयांत वाढलेले होते. त्यांनी वाद घालायला साफ नकार दिला. त्याला आहे तसा राहू द्या, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, तुम्ही फक्त प्रार्थना करा, असे ते म्हणाले. तरीही ती हटेना, तेव्हा थोड्या त्रासिकपणेच ते म्हणाले की एवढ्या आसवांचा मुलगा वाया जाणे शक्य नाही. तिने ते वाक्य आकाशवाणीसारखे मानले.

पुढे याच मुलाने तिला कार्थेजच्या किनाऱ्यावर फसवले. ती संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्रभर प्रार्थना करीत बसली असताना तो गुपचूप रोमच्या जहाजावर चढला. ती मागोमाग मिलानला आलीच. बागेतला प्रसंग घडल्यावर संत ऑगस्टिन घरात जाऊन सर्वांत आधी कोणाला सांगतात? आईला. तेव्हा ही बाग केवळ रचना आहे, असे मला तरी म्हणवत नाही.

तर्कटराव

३८० साली सम्राट थिओडोसियस कॅथलिक श्रद्धेला राजमान्यता देतो, त्यानंतर लगेच मानीपंथीयांविरुद्ध कडक कायदे येतात, ३८४ मध्ये आमचे प्राध्यापक राजधानी मिलानमध्ये सरकारी पगारावर रुजू होतात, आणि ३८६ मध्ये त्यांना साक्षात्कार होतो. हा क्रम पाहून कोणाच्याच मनात काही येत नाही काय?

दर्यावर्दी

तर्कटराव, क्रम बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे.

मिलानची जागा ऑगस्टिनला मिळाली ती मानीपंथीय मित्रांच्या ओळखीने, आणि त्याची निवड केली ती रोमचा नगरप्रमुख सिम्माकस याने, जो जुन्या रोमन धर्माचा त्या काळचा सर्वांत प्रतिष्ठित कैवारी होता. म्हणजे नोकरी ख्रिस्ती वशिल्याने मिळालेली नाही. मिलानमध्ये त्याचे काम होते दरबारी स्तुतिभाषणे करण्याचे. १ जानेवारी ३८५ रोजी बाउतो हा सेनापती कॉन्सल झाला, तेव्हाचे भाषण ऑगस्टिननेच केले होते. अशाच एका भाषणाची तयारी मनात घोळवत जात असताना रस्त्यात दारू पिऊन मजेत असलेला एक भिकारी त्याला दिसला, आणि आपण एवढ्या खोट्या गोष्टी बोलून जे सुख मिळवू पाहतो ते या माणसाने चार नाण्यांत मिळवले, असे त्याला वाटले.

त्याला केवळ सोय पाहायची असती तर बाप्तिस्मा घेऊन, ठरलेल्या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न करून, एखाद्या प्रांताचे राज्यपालपद मिळवणे हा सरळ मार्ग समोर होता, आणि तसे आपल्या मनात होते हे तो लपवीत नाही. त्याने केले ते वेगळेच. बागेनंतर त्याने लग्न मोडले, द्राक्षतोडणीच्या सुटीपर्यंत कसेबसे वर्ग घेतले, छातीचे दुखणे होतेच, ते कारण देऊन राजीनामा दिला, आणि वेरेकुंडस या मित्राच्या कासिकियाकम येथील शेतघरात जाऊन राहिला.

शिवाय ३८६ च्या वसंतात मिलानमध्ये कॅथलिक असणे फारसे सुखाचे नव्हते. बालसम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा याची आई जस्टिना एरियसपंथीयांची, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती गटाची, पाठीराखी होती. तिला त्यांच्यासाठी एक चर्च हवे होते. बिशप अँब्रोजने ते द्यायला नकार दिला आणि लोक चर्चमध्येच ठाण मांडून स्तोत्रे म्हणत बसले. त्या गर्दीत मोनिका होती. सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने त्या वर्षी अँब्रोजच्या बाजूला जाणे, याला संधिसाधूपणा कसे म्हणणार?

निवृत्त_मास्तर

एवढ्या गंभीर चर्चेत शिक्षकी पेशाची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. ऑगस्टिनने कार्थेज सोडले, त्याचे एक कारण असे की तिथले दांडगट विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात घुसून धुडगूस घालत आणि कोणी त्यांना अडवत नसे. रोममध्ये पोरे शिस्तीची आहेत असे त्याने ऐकले होते, आणि ते खरेही होते. फक्त फी देण्याची वेळ जवळ आली की सगळा वर्ग ठरवून दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जाई.

क्लास चालवलेला कोणताही मनुष्य सांगेल की अशा परिस्थितीत सरकारी नोकरीची जाहिरात दिसली की पंथबिंथ कोणी पाहत नाही. तर्कटरावांना जो राजकीय डाव दिसतो, तो मला निव्वळ थकलेल्या फीचा परिणाम दिसतो. तेव्हा संत घडवण्याच्या कामी रोमच्या फीबुडव्या पोरांचाही थोडा वाटा आहे, असे धरायला हरकत नसावी.

नवखा_वाचक

धागा आवडला. मानीचा पंथ म्हणजे नेमके काय, आणि इतका बुद्धिमान मनुष्य त्यात नऊ वर्षे कसा राहिला, हे कोणी थोडे उलगडून सांगेल का?

दर्यावर्दी

मानी हा तिसऱ्या शतकातला मेसोपोटेमियातला धर्मसंस्थापक. त्याच्या मते प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे असून त्यांच्या झुंजीत प्रकाशाचे कण जड सृष्टीत अडकून पडले आहेत. पंथात दोन पायऱ्या होत्या. ‘निवडलेले’ लोक लग्न करीत नसत, मांस खात नसत, आणि फळ तोडण्याची हिंसाही स्वतः करीत नसत. ‘श्रोते’ त्यांना फळे-भाज्या आणून देत, आणि निवडलेल्यांच्या जेवणातून प्रकाशाचे कण मुक्त होतात असे मानले जाई. ऑगस्टिन शेवटपर्यंत श्रोताच राहिला.

आज हे विचित्र वाटते, पण त्यांच्या दोन गोष्टी तरुण ऑगस्टिनला पटल्या. एक म्हणजे ते ‘आधी विश्वास ठेवा’ म्हणत नसत, ‘आम्ही तर्काने सिद्ध करू’ म्हणत. दुसरी अधिक खोल आहे. देव चांगला आहे तर वाईट कोठून आले, या प्रश्नाला त्यांच्याकडे सोपे उत्तर होते, आणि पाप करणारा मी नसून माझ्यातला अंधार आहे, असे त्यातून आपोआप निघत असे. स्वतःला दोष न देता पाप करता येणे ही मोठीच सवलत होती, आणि तिचा मोह आपल्याला होता हे तो पुढे स्पष्ट लिहितो.

ही भिंत ढासळली ती ज्योतिर्गणितामुळे, हा भाग मला फार आवडतो. खगोलाचे अभ्यासक ग्रहणाचा दिवस आणि तास आधी सांगत आणि तो बरोबर येई. मानीच्या ग्रंथांतली आकाशाची वर्णने मात्र त्या गणिताशी जुळत नव्हती. फॉस्टस हा पंथाचा मोठा पंडित येईल आणि सगळ्याचा उलगडा करील, असे त्याला सांगण्यात येत होते. फॉस्टस ३८३ च्या सुमारास कार्थेजला आला. बोलणे गोड, पण या विषयात गती नाही, आणि त्याने ते सरळ कबूलही केले. ऑगस्टिनला तो माणूस आवडला, परंतु पंथावरचा विश्वास तिथेच उडाला.

जाता जाता एक गंमत. अंजीर तोडले की ते फळ आणि त्याचे झाड दुधाची आसवे गाळते, अशी मानीपंथीयांची श्रद्धा होती, आणि तिची ऑगस्टिनने थट्टा केली आहे. पुढे तो स्वतः रडायला बसला तो अंजिराखालीच.

सोपारेकरीण

अंजिराचे झाड निघालेच आहे तर योहानच्या शुभवर्तमानातला नथनेल आठवावा. फिलिपने बोलावण्याआधी तू अंजिराखाली होतास तेव्हाच मी तुला पाहिले, असे येशू त्याला म्हणतो. आमच्या धर्मगुरूंनी एकदा प्रवचनात हाच धागा जोडून दाखवला होता.

पांथस्थ

ताई, नेमका हाच मुद्दा फ्रेंच संशोधक पिएर कुर्सेल यांनी १९५० मध्ये मांडला आणि मोठी खळबळ उडवून दिली. त्यांच्या मते अंजीर हे नथनेलाकडून आलेले प्रतीक आहे आणि मुलाचा आवाजही वाङ्मयीन योजनेचा भाग आहे. त्याआधी १९१८ मध्ये आल्फारिक यांनी तर ३८६ साली ऑगस्टिन ख्रिस्ताकडे नव्हे, नवप्लेटोवादाकडे (म्हणजे प्लेटोच्या त्याच परंपरेकडे) वळला, असे म्हटले होते. मी इतका पुढे जाणार नाही, परंतु या प्रसंगाची जडणघडण पाहा. बागेत जाण्यापूर्वी सिम्प्लिशियनस हा मिलानचा वृद्ध धर्मगुरू त्याला मारियस व्हिक्टोरिनसची गोष्ट सांगतो. व्हिक्टोरिनस हा रोमचा एवढा मोठा पंडित की त्याचा पुतळा उभारला गेला होता. तो म्हणे, मी मनाने ख्रिस्तीच आहे, भिंतींनी का कोणी ख्रिस्ती होतो? शेवटी तोच सर्वांसमोर उभा राहून श्रद्धा जाहीर करतो. मग पोंटिसियानस हा दरबारी अधिकारी येऊन इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी संत अँथनी याची आणि त्याचे चरित्र वाचून ट्रिअरमध्ये नोकरी सोडणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची गोष्ट सांगतो. अँथनीही शुभवर्तमानाचे एक वाक्य कानी पडताच बदलला होता. गोष्ट ऐकून बदललेल्या माणसांची गोष्ट ऐकून हा बदलतो. आयुष्य इतके नीटनेटके असते काय?

रेवती_आ

आपण सर्वजण अंजिराच्या पानांची चर्चा करीत आहात, आणि ज्या स्त्रीबरोबर हा मनुष्य पंधरा वर्षांच्या आसपास राहिला, तिचा उल्लेख धाग्यात ‘स्त्रीसहवासाची सवय’ एवढाच आला आहे.

कार्थेजमध्ये विद्यार्थी असताना त्याने तिला घरात आणले. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस. ती त्याच्याबरोबर समुद्र ओलांडून इटलीत आली. मिलानमध्ये बढतीला शोभेल असे लग्न ठरले, त्यात मोनिकाचा पुढाकार होता, आणि त्या लग्नाला अडथळा नको म्हणून हिला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. मुलगा बापाकडे राहिला. जाताना तिने शपथ घेतली की दुसरा पुरुष आयुष्यात येणार नाही. ऑगस्टिनने काय केले? ठरलेली वधू लग्नाच्या वयाला जवळजवळ दोन वर्षे कमी होती, रोमन कायद्यात ते वय बारा होते, म्हणजे ती दहा वर्षांची मुलगी. तेवढा धीर धरवेना म्हणून त्याने मधल्या काळासाठी तिसरीच स्त्री आणली. आपले हृदय फाटले आणि रक्त गळत राहिले, असे तो लिहितो, आणि ते मला खरेही वाटते. पण त्या स्त्रीचे नाव तो लिहीत नाही. पोरवयात चोरलेल्या नासपतीलासुद्धा ‘कन्फेशन्स’मध्ये पानेच्या पाने मिळतात, आणि मुलाच्या आईला एक परिच्छेद मिळतो.

मराठी वाचकाला इथे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आठवणारच. राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाचा आघात लक्ष्मीबाईंनी काही वर्षे एकटीने सोसला आणि पुढे त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने त्या वाटेवर आल्या. मोठा फरक असा की लक्ष्मीबाईंनी आपली बाजू स्वतः लिहून ठेवली, आणि म्हणून टिळकांचे परिवर्तन आपल्याला घराच्या आतूनही दिसते. मिलानच्या घरातून परत पाठवलेल्या त्या स्त्रीची बाजू आपल्याकडे नाही.

निवृत्त_मास्तर

रेवतीताईंशी सहमत. एवढेच जोडतो की अदेओदातुस बापाबरोबरच बाप्तिस्मा घेतो, पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि पुढे बापलेकांचा एक संवाद ग्रंथरूपाने येतो. त्यातले मुलाच्या तोंडचे सर्व विचार खरोखर त्याचेच आहेत, असे बाप आवर्जून सांगतो. त्यानंतर लवकरच तो मुलगा वारला.

सोपारेकरीण

रेवतीताई, ते लग्न ठरवण्यात मोनिकाचा पुढाकार होता हे खरे, आणि ती संत असली तरी त्या काळातली, मुलाच्या भवितव्याची काळजी करणारी आई होती. पण त्या स्त्रीने घेतलेली शपथ आपल्याला माहीत आहे ती संत ऑगस्टिन यांनी लिहिली म्हणूनच. तिच्याइतके धैर्य मला झाले नाही, असे ते स्वतःविरुद्ध लिहितात. नाव न लिहिण्यामागे तिची अब्रू राखण्याचा हेतू असू शकतो.

रेवती_आ

असू शकतो. तरी मला नाव हवे होते.

आडवाटेचा_प्रवासी

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. जुन्या गोव्यात गेलात तर बाँ जेझूस चर्च पाहून परत फिरू नका. जवळच्या मोंती सांतु टेकडीवर ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा अर्धा उभा आहे, अजूनही ४६ मीटर उंच. हे धर्मबंधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ पर्यंत चर्च पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि दर्शनी भाग मनोऱ्याच्या अर्ध्या भागासह १९३१ मध्ये गेला. समोरच संत मोनिकाचा मठ आहे. मायलेकरे इथेही जवळजवळच.

याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अस्थी-अवशेष सापडले. १६२४ मध्ये शिराझ येथे धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिला हालहाल करून मारले होते, आणि ऑगस्टिनियन धर्मबंधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले होते. डीएनए तपासणीनंतर खात्री पटली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने ते जॉर्जियाला भेट दिले.

तर्कटराव

गोव्याचे नाव आपण काढलेत म्हणून बरे झाले. धर्म सोडायला नकार देणाऱ्या राणीचे अवशेष ज्या शहरात जपले गेले, त्याच शहरात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, चालू होते. आणि सक्तीच्या समर्थकांना शतकानुशतके ज्या धर्मपंडिताचा आधार मिळाला, तो आपल्या धाग्याचा नायक आहे.

४०८ च्या सुमारास त्याने व्हिन्सेंटियस नावाच्या बिशपला लिहिलेले त्र्याण्णवावे पत्र वाचा. पूर्वी माझे मत असे होते की ख्रिस्ताच्या ऐक्यात कोणालाही जबरदस्तीने आणू नये, असे तो म्हणतो, आणि मग सांगतो की कायद्याच्या धाकाने माझ्याच गावातले लोक वळलेले पाहून ते मत बदलले. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टांतात ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ असे वाक्य आहे, त्याचा त्याने या कामी उपयोग केला. बागेत रडण्यापेक्षा मला त्याचे हे दुसरे परिवर्तन अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याची किंमत इतरांनी मोजली.

दर्यावर्दी

पत्र खरे आहे आणि त्याचा पुढचा इतिहास वाईटच आहे, पण प्रसंग लक्षात घ्यावा. वाद होता डोनेटस पंथीयांशी. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार बाद, असे ते मानत, आणि उत्तर आफ्रिकेत त्यांची मोठी, समांतर चर्चसंस्था होती. त्यांच्यातल्या काही टोळ्या कॅथलिक धर्मगुरूंवर हल्ले करीत. ऑगस्टिन कित्येक वर्षे चर्चेची निमंत्रणे देत राहिला. ४११ मध्ये कार्थेजला जी परिषद भरली, तिला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप होते, आणि शाही अधिकारी मार्सेलिनसने निकाल कॅथलिकांच्या बाजूने दिला. त्यानंतर एका कॅथलिक धर्मगुरूचा खून करणाऱ्यांना देहदंड देऊ नका, अशी विनंती ऑगस्टिननेच मार्सेलिनसला पत्रांतून केली. दंड, जप्ती, हद्दपारी त्याला मान्य होती, मृत्युदंड नव्हता. हजार वर्षांनंतरच्या चितांची जबाबदारी सरसकट त्याच्यावर टाकता येणार नाही.

निवृत्त_मास्तर

दर्यावर्दींचा बचाव मी वाचला, पण माझे मन अडकले आहे ते सोपारेकरीणताईंच्या पहिल्या प्रतिसादात. मोनिकेला भेटलेला तो बिशप आठवा. मुलगा उघडउघड पाखंडी पंथात होता आणि आई हातापाया पडत होती, तरीही त्याने सांगितले की वाद नको, जबरदस्ती नको, वाचता वाचता त्याला कळेल. सिसेरो वाचल्यापासून बागेपर्यंत तेरा वर्षे गेली, आणि त्या तेरा वर्षांत त्याला कोणी दंड केला नाही की त्याची मालमत्ता जप्त केली नाही. अँब्रोजनेही त्याला धरून उपदेश केल्याचे दिसत नाही. तो आपला चूपचाप, ओठ न हलवता वाचत बसे आणि हा ताटकळत पाहून परत जाई.

अशा सवलतीत घडलेला मनुष्य पुढे बिशप झाला, आणि त्याच्याच प्रदेशातल्या दुसऱ्या एखाद्या आडमुठ्या तरुणाला त्याने तेरा वर्षे दिली नाहीत. हे मला त्या पत्रापेक्षाही अधिक टोचते.

पांथस्थ

मास्तर, हे आधीच्या प्रश्नालाही लागू पडते. परिवर्तन हळूहळू, वाचत, चुकत होते असे आपण धरले, तर सक्तीला जागाच राहत नाही. परंतु ते एका क्षणी, वरून येणाऱ्या आवाजाने होते असे धरले, तर माणसाला धक्का देणे हेही देवाचेच साधन ठरू शकते. त्र्याण्णवाव्या पत्राच्या आसपास तो ज्याचे उदाहरण देतो तो पौलच आहे, ज्याला दमास्कसच्या वाटेवर जमिनीवर पाडून, आंधळे करून वळवले गेले. बागेचा प्रसंग लिहिणाऱ्या बिशपच्या मनात हा विचार आधीपासून मुरत असावा, असे मला वाटते.

दर्यावर्दी

तर्क सुंदर आहे, पण बागेला रचना म्हणण्याला माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की ३८६ च्या संवादांत मुलाचा आवाज नसला तरी पौल आहे. संशयवाद्यांविरुद्धच्या संवादात ऑगस्टिन लिहितो की त्या दिवसांत मी झडप घालून पौल हाती घेतला आणि सगळा काळजीपूर्वक वाचून काढला. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. बागेत तो एकटा नव्हता, बालमित्र अलिपियस काही पावलांवर बसला होता. ऑगस्टिनने वाचून झाल्यावर ग्रंथ त्याला दिला, आणि पुढच्या ओळीत, म्हणजे विश्वासाने दुर्बळ असलेल्याला जवळ करा या वाक्यात, अलिपियसने स्वतःला पाहिले. ‘कन्फेशन्स’ लिहिले गेले तेव्हा हा अलिपियस जिवंत होता आणि तागास्तेचा बिशप होता. वाचकांत असा साक्षीदार असताना संपूर्ण प्रसंग कोणी रचील, हे मला संभवनीय वाटत नाही. मांडणी रेखीव केली असेल. वक्तृत्वाचाच प्राध्यापक होता तो.

नवखा_वाचक

सर्वांचे आभार. मूळ ग्रंथ वाचायचा झाल्यास तेराच्या तेरा भाग वाचावेत काय?

निवृत्त_मास्तर

पहिले नऊ वाचावेत. नवव्यात रोमजवळच्या ऑस्टिया बंदरातल्या घराच्या खिडकीशी मायलेकरांचे बोलणे आणि मोनिकेचा मृत्यू आहे. ते सुटू देऊ नये. दहावाही वाचावा, कारण बिशप झाल्यावरही कोणकोणते मोह सुटलेले नाहीत याची तिथे लांबलचक झडती आहे, आणि परिवर्तन बागेत पूर्ण झाले असे मानणाऱ्यांनी तर तो अवश्य वाचावा. अकराव्यात काळ म्हणजे काय याची चर्चा आहे. ती चहा घेऊन वाचावी.

सोपारेकरीण

पांथस्थ, आपल्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर अजून कोणी दिलेले नाही. ऑगस्टिनियन संघ आपल्या या संताच्या परिवर्तनाचा सण पाळतो, तो ऑगस्टमध्ये नाही. तो पाळतात २४ एप्रिलला, कारण ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री, २४ एप्रिलला, अँब्रोज यांनी त्यांना, अदेओदातुसला आणि अलिपियसला एकत्र बाप्तिस्मा दिला. त्या अष्टकोनी बाप्तिस्माकुंडाचे अवशेष मिलानच्या दुओमोसमोरच्या चौकाखाली आजही पाहता येतात. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या संघाने बाग धरली नाही आणि ग्रंथही धरले नाहीत. सर्वांदेखत पाण्यात उतरणे हेच धरले. व्हिक्टोरिनसच्या गोष्टीचेही तात्पर्य तेच नव्हते का?

पांथस्थ

ताई, हे उत्तर माझ्या दोन्ही पर्यायांत नव्हते, आणि ते मला पटण्यासारखे वाटते. तरीही बागेबाबतची माझी शंका मी राखून ठेवतो.

तर्कटराव

२४ एप्रिल मान्य. त्र्याण्णवाव्या पत्राचे मात्र कोणीही समाधानकारक उत्तर दिलेले नाही, तेव्हा डोनेटस पंथीयांवर मी स्वतंत्र धागा काढतो. दर्यावर्दींनी तिथे अवश्य यावे.